टेम्प्लेट व्हॉल्टमध्ये नवं, फाइल मात्र जुन्याच सेटिंगची: तिसऱ्या खेपेला सापडलेलं कारण

तक्रार दर दोन-चार महिन्यांनी उगवते आणि शब्दही तेच असतात. टेम्प्लेट (नवी फाइल ज्यावरून निघते तो साचा) सुधारलं, व्हॉल्टमध्ये चेक-इन केलं म्हणजे जमा केलं, सगळ्यांना सांगितलं, तरी कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर नवी फाइल जुन्या सेटिंगची निघते. कधी टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) जुना पत्ता, कधी जुना डायमेन्शन स्टाइल, कधी पत्र्याच्या पार्टला जुना बेंड हिशोब. तेवढा कॉम्प्युटर दुरुस्त केला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि पुढच्या वेळी दुसरीकडे निघतो. इन्व्हेंटर (ऑटोडेस्कचं थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअर) आणि व्हॉल्ट (त्याच्या फाइली सर्व्हरवर जमा ठेवणारं जोडसॉफ्टवेअर) एकत्र वापरणाऱ्या, चार ते दहा सीट्सच्या कुठल्याही डिझाइन ऑफिसात हे होऊ शकतं. आमच्याकडे तीनदा झालं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आम्ही जळगाव एमआयडीसीत डाळ मिलची यंत्रं बनवतो. बकेट एलिव्हेटर, चेन कन्व्हेयर, चाळण्या, हॉपर. म्हणजे बहुतेक काम पत्र्याचं: लेझरवर कापायचं, प्रेस ब्रेकवर वाकवायचं, साइटवर बोल्टनं जोडायचं. ऑफिसात सहा कॉम्प्युटर आणि साइटवर फिरणारा एक लॅपटॉप. तूर बाजारात यायच्या आधी मिलवाल्यांना यंत्र उभं हवं असतं, त्यामुळे दिवाळीनंतर एकेक दिवस मोजून काम चालतं. अशा दिवसांत एक मिलिमीटर चुकला की दोन दिवस जातात.

तिसऱ्या खेपेला दोंडाईच्याच्या साइटवरून आमच्या फिटर आप्पांचा फोन आला. "भाऊ, झाकणाचे एका अंगचे बोल्ट गेले, दुसऱ्या अंगची भोकं जुयत नाही. झाकण बरोबर आहे, मी मोजलं. तुमचा ट्रफच रुंद आला."

आप्पा असं म्हणाले की ते तसंच असतं. तीस वर्षं टेप धरलेला हात आहे.

तो ट्रफ, म्हणजे वरून उघडी पत्र्याची पन्हळ, चेन कन्व्हेयरचा होता. ३ मिलिमीटर पत्रा आणि त्याला चार बेंड: बाहेरची पट्टी, बाजू, तळ, दुसरी बाजू, पुन्हा पट्टी. पट्ट्यांवर ८ च्या बोल्टसाठी ८.५ ची भोकं, आणि झाकण सपाट, म्हणजे त्यात बेंडचा प्रश्नच नाही. आम्ही आमच्या प्रेस ब्रेकवर पट्ट्या वाकवून के-फॅक्टर (वाकताना न ताणली जाणारी रेषा जाडीच्या किती भागावर असते तो आकडा) ०.३८ काढला होता. इन्व्हेंटरच्या कोऱ्या सेटिंगमध्ये तो ०.४४ असतो. आता हिशोब बघा. ९० अंशाच्या बेंडला लागणारी लांबी म्हणजे १.५७०८ गुणिले (आतली त्रिज्या अधिक के गुणिले जाडी). त्रिज्या ३, जाडी ३. ०.३८ धरलं तर ६.५० मिमी, ०.४४ धरलं तर ६.७९ मिमी. एका बेंडला ०.२८ चा फरक, चार बेंडला १.१३. आमचा ऑपरेटर एका कडेपासून सुरुवात करून प्रत्येक बाजू मापात आणत जातो, त्यामुळे सगळी जादा लांबी शेवटच्या पट्टीत जाऊन पडते आणि तिथली भोकं तेवढीच बाहेर सरकतात. ८ च्या बोल्टला ८.५ चं भोक म्हणजे दोन्ही पत्र्यांचं मिळून एका ओळीला अर्धा मिमी इकडे-तिकडे, दोन ओळींना मिळून १ मिमी. आम्हाला हवा होता १.१३. बोल्ट जाणार कसे?

हे आकडे मुद्दाम दिले, कारण पहिल्या खेपेला आम्ही दोष ऑपरेटरवर टाकला होता. बेंडिंगला चूक झाली असणार असं धरून भोकं मोठी केली आणि विषय संपवला. ते चुकीचं होतं आणि त्याला तसं सांगितलंही. तुमच्याकडे असं काही आलं तर आधी फ्लॅट पॅटर्नची, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याची, एकूण लांबी कॅल्क्युलेटरवर तपासा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात माणसावरचा आळ टळतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही टेम्प्लेटवर आलो. शीट मेटलचं टेम्प्लेट उघडलं, ०.३८ केलं, व्हॉल्टमध्ये चेक-इन केलं, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर गेट करून, म्हणजे ताजी प्रत खाली उतरवून घेतलं. आणि तरीही तिसरी खेप झाली. ज्या लॅपटॉपवर हा ट्रफ काढला होता, त्यावर टेम्प्लेट अगदी नवं होतं. मी स्वतः तारीख पाहिली. टेम्प्लेट उघडलं तर आत ०.३८. त्याच टेम्प्लेटवरून नवा पार्ट काढला तर ०.४४. अर्धा तास तिथेच बसलो होतो.

कारण दोन थरांचं आहे आणि दोन्ही थर कळल्याशिवाय हा रोग जात नाही.

पहिला थर: व्हॉल्ट हे गोदाम आहे

व्हॉल्टमध्ये फाइल ठेवली म्हणजे ती सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर पोहोचली, हा समज आमच्या ऑफिसात खोल रुजलेला होता. शेअर केलेल्या फोल्डरची सवय असते ना, त्यातून तो येतो. व्हॉल्टचं काम गोदामासारखं आहे. माल आत जमा होतो, कुणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते, जुनं व्हर्जन परत काढता येतं. पण गोदामातला माल आपल्या टेबलावर आपोआप येत नाही, कुणीतरी तो मागून आणावा लागतो. त्याचं नाव गेट. आणि इन्व्हेंटर नवी फाइल काढताना फक्त टेबलाकडे बघतो, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या वर्किंग फोल्डरकडे. 'न्यू'च्या खिडकीत दिसतात ती टेम्प्लेटं तिथली असतात.

असेंब्ली उघडताना त्यातले पार्ट व्हॉल्टमधून खाली येतात, त्यामुळे माणसाला वाटतं की सगळंच येतं. टेम्प्लेट आणि डिझाइन डेटा हे कुठल्याच असेंब्लीचे घटक नसतात, म्हणून ते त्या ओघात येत नाहीत. आयपीजे फाइल (प्रोजेक्टचे पाथ आणि सेटिंग ठेवणारी) मात्र, व्हॉल्टच्या सेटिंगमधून सगळ्यांना सक्तीची केली असेल, तर लॉगिन करताना खाली येते. त्यामुळे फसगत आणखी वाढते: प्रोजेक्ट नवा, पाथ बरोबर, आणि त्या पाथवरच्या फाइली मागच्या वर्षीच्या.

उलटंही ध्यानात ठेवा. व्हॉल्टमधून एखादं टेम्प्लेट डिलीट केलं किंवा त्याचं नाव बदललं, तरी लोकल फोल्डरातली जुनी प्रत तशीच राहते आणि 'न्यू'च्या खिडकीत दिसत राहते. नवा मुलगा तेच उचलतो, कारण नाव ओळखीचं असतं.

इथे एक सूचना हमखास येते, आमच्याकडेही आली: "सर्व्हरवर फाइली आहेतच ना, मग टेम्प्लेटचा पाथ सरळ सर्व्हरच्या फाइल स्टोअरला देऊन टाकू." कृपा करून असं करू नका. फाइल स्टोअरमध्ये तुमचे फोल्डर आणि तुमची नावं त्या रूपात नसतात, आणि तिथे हातानं काही हलवलं तर डेटाबेस आणि फाइल यांची जोडी तुटते. सर्व्हरच्या त्या फोल्डरला बॅकअपशिवाय कुठलाही स्पर्श नको, आणि बॅकअपही व्हॉल्टच्या सर्व्हर कन्सोलमधूनच घ्यायचा.

दुसरा थर: स्टाइल लायब्ररी टेम्प्लेटला हरवते

खरं मर्म इथे आहे. शीट मेटल रूल (पत्र्याची जाडी, त्रिज्या वगैरे), अनफोल्ड रूल (के-फॅक्टर), डायमेन्शन स्टाइल, ड्रॉइंगचं स्टँडर्ड, लेयर, टेक्स्ट स्टाइल या सगळ्यांच्या व्याख्या दोन ठिकाणी राहतात. एक, प्रत्येक फाइलच्या आत, म्हणजे टेम्प्लेटच्याही आत. दोन, डिझाइन डेटा नावाच्या फोल्डरातल्या एक्सएमएल फाइलींत, ज्याला स्टाइल लायब्ररी म्हणतात. प्रोजेक्टमध्ये स्टाइल लायब्ररी वापरायची असं सेटिंग असेल आणि टेम्प्लेटमधल्या स्टाइलच्याच नावाची स्टाइल लायब्ररीतही असेल, तर नव्या फाइलमध्ये लायब्ररीतली व्याख्या येते. टेम्प्लेटमधली मागे पडते.

म्हणजे आम्ही टेम्प्लेट कितीही वेळा सुधारलं असतं तरी उपयोग नव्हता. त्या लॅपटॉपवर टेम्प्लेट नवं होतं, पण डिझाइन डेटा जुना. रूलचं नाव दोन्हीकडे एकच. प्रत्येक नव्या पार्टमध्ये जुना ०.४४ शांतपणे येऊन बसत होता, ना चेतावणी ना खिडकी. यात सॉफ्टवेअरचा दोष काढण्यासारखं काही नाही. लायब्ररी हा सगळ्या ऑफिसचा एकच प्रमाण स्रोत असावा म्हणूनच तिला वरचढ ठेवलं आहे. आम्ही त्या प्रमाण स्रोताच्या सात वेगवेगळ्या प्रती वापरत होतो, ही आमची चूक.

ड्रॉइंगमध्ये हाच प्रकार जास्त घातक ठरू शकतो. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन (डाव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे काढायची पद्धत) चालतं. ते सेटिंग ड्रॉइंगच्या स्टँडर्ड स्टाइलमध्ये असतं. एखाद्या कॉम्प्युटरवर लायब्ररीतलं स्टँडर्ड अमेरिकी पद्धतीचं, थर्ड अँगलचं राहून गेलं, तर बाजूचा व्ह्यू उलट्या अंगाला पडतो आणि ब्रॅकेट उलट्या हाताचा बनून येतो. आमच्याकडे तसं अजून झालेलं नाही, पण तपासताना दोन कॉम्प्युटरवर तशी जुनी एक्सएमएल सापडली, आणि त्या संध्याकाळी मला जेवण गोड लागलं नाही.

तपास कसा करायचा

ज्या कॉम्प्युटरवर चूक निघाली तिथेच बसा. लांबून फोनवर विचारून हे होत नाही.

सगळ्यात आधी इन्व्हेंटरमध्ये प्रोजेक्ट्सची खिडकी उघडा आणि चालू प्रोजेक्ट कोणता ते बघा. इन्व्हेंटर शेवटचा वापरलेला प्रोजेक्ट धरून ठेवतो. कुणी कधी बाहेरची फाइल बघायला डिफॉल्ट प्रोजेक्ट लावला असेल आणि परत बदलायचं विसरला असेल, तर टेम्प्लेट आणि डिझाइन डेटा दोन्ही सी ड्राइव्हच्या पब्लिक डॉक्युमेंट्समधले, म्हणजे इन्स्टॉलेशनबरोबर आलेले वापरले जातात. प्रोजेक्ट बदलायला उघड्या सगळ्या फाइली बंद कराव्या लागतात. घाईत लोक म्हणूनच टाळतात.

प्रोजेक्ट बरोबर असेल तर त्याच खिडकीत खाली फोल्डर ऑप्शन्स उघडा. तिथे डिझाइन डेटा, टेम्प्लेट्स आणि कंटेंट सेंटर फाइल्स (नट-बोल्टसारखे तयार पार्ट) अशा ओळी आहेत. जिथे डिफॉल्ट असं लिहिलेलं दिसेल, तिथे त्या कॉम्प्युटरच्या ॲप्लिकेशन ऑप्शन्समधला पाथ चालतो. आणि तो प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. आमच्या प्रोजेक्टमध्ये टेम्प्लेटची ओळ भरलेली होती आणि डिझाइन डेटाची डिफॉल्टवर. व्हॉल्ट बसवून देणाऱ्यांनी तेवढंच केलं होतं आणि आम्ही पुढे कधी उघडून पाहिलं नाही. तुम्ही आजच उघडून बघा.

मग व्हॉल्ट क्लायंटमध्ये तो फोल्डर उघडा. प्रत्येक फाइलसमोर स्टेटसचं चिन्ह असतं, त्यावर माउस नेला की लोकल प्रत जुनी आहे, आहेच नाही, की इथेच बदललेली आहे, ते कळतं. तिसरा प्रकार वाईट. चेक-आउट न करता, म्हणजे बदलासाठी फाइल आपल्या नावावर न काढता, कुणीतरी विंडोजमध्ये जाऊन रीड-ओन्लीची खूण काढली आणि लोकल प्रतीत बदल केला, असा त्याचा अर्थ. गेट करताना व्हॉल्ट विचारतो की ही प्रत पुसून वरून आणू का, आणि घाबरून लोक नाही म्हणतात. मग ती प्रत कायमची जुनी राहते. त्या माणसाला रागवण्याआधी त्यानं बदल का केला ते विचारा. आमच्या एका मुलानं टायटल ब्लॉकमधली वजनाची चौकट मोठी केली होती, कारण चार आकडी वजन त्यात मावत नव्हतं. बदल बरोबर होता. तो सगळ्यांसाठी घ्यायला हवा होता.

शेवटी स्टाइलचा पडताळा. त्या कॉम्प्युटरवर टेम्प्लेट उघडा, मॅनेज टॅबवरच्या स्टाइल्स एडिटरमध्ये जाऊन के-फॅक्टर वाचा. मग त्याच टेम्प्लेटवरून नवा पार्ट काढा आणि पुन्हा वाचा. आकडा बदलला तर रोग डिझाइन डेटात आहे, नक्की. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि आम्हाला पहिल्या दिवशी सुचली असती तर दोंडाईच्याचा ट्रफ वाचला असता.

दुरुस्ती

आम्ही केलेली मांडणी सांगतो. व्हॉल्टच्या मुळाशी, म्हणजे डॉलर चिन्हाच्या थेट खाली आयपीजे फाइल. तिच्याच शेजारी चार फोल्डर: डिझाइन्स, टेम्प्लेट्स, डिझाइन डेटा, कंटेंट सेंटर फाइल्स. आयपीजे सगळ्यांच्या वर असल्यामुळे आतले पाथ तिच्या जागेपासून मोजले जातात, ड्राइव्हचं नाव त्यात अडकत नाही. व्हॉल्टच्या ॲडमिनिस्ट्रेशनमधून वर्किंग फोल्डर सगळ्यांना एकच सक्तीचा केला, सी ड्राइव्हवर थेट. आधी तो प्रत्येकाच्या डॉक्युमेंट्समध्ये होता, आणि दोन कॉम्प्युटरवर डॉक्युमेंट्स फोल्डर क्लाउडशी जोडलेला निघाला. क्लाउडचं सिंक आणि व्हॉल्टचं गेट एकाच फोल्डरवर चालवू नका. एक आणतो आणि दुसरा त्यावर आपली प्रत बसवतो. आयपीजेही तिथूनच सक्तीची केली.

फाइली व्हॉल्टमध्ये घालताना दोन वाटा आहेत. इन्व्हेंटरची टेम्प्लेटं, म्हणजे पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंग, ही इन्व्हेंटरमध्ये उघडून तिथून चेक-इन करा, म्हणजे गुणधर्म आणि जोडण्या नीट नोंदल्या जातात. डिझाइन डेटातल्या एक्सएमएल आणि थ्रेडच्या एक्सेल फाइली इन्व्हेंटरमधून चेक-इन करता येत नाहीत, त्या व्हॉल्ट क्लायंटमध्ये सरळ ओढून टाकायच्या. इथे आम्ही अडखळलो ते युनिक फाइल नेमच्या सेटिंगवर. ते चालू असेल तर संपूर्ण व्हॉल्टमध्ये एका नावाची एकच ड्रॉइंग किंवा पार्ट फाइल राहू शकते. इन्व्हेंटरच्या कोऱ्या टेम्प्लेट फोल्डरमध्ये स्टँडर्ड नावाच्या फाइली असतात, आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीतही त्याच नावाच्या. म्हणून कोरा फोल्डर उचलून आत टाकू नका. आपल्याला लागणारी पाच-सहा टेम्प्लेटंच घ्या आणि त्यांना आपली नावं द्या.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. आयपीजेमध्ये स्टाइल लायब्ररी रीड-ओन्ली ठेवली. गेटनंतर लोकल फाइली तशाही रीड-ओन्लीच असतात, पण हे सेटिंग केलं की 'सेव्ह टू स्टाइल लायब्ररी' कुणाच्या हातून चुकून दाबलं जात नाही. बदल करायचा असेल तेव्हा एकच माणूस, सध्या मी, तो करतो. व्हॉल्ट क्लायंटमधून डिझाइन डेटाचा अख्खा फोल्डर चेक-आउट करायचा, कारण एका स्टाइलचा बदल कधी कधी दुसऱ्या एक्सएमएलपर्यंत जातो आणि एखादी फाइल रीड-ओन्ली राहिली तर सेव्ह अडतं. आयपीजे चेक-आउट करून लायब्ररी रीड-राइट करायची, स्टाइल बदलून लायब्ररीत सेव्ह करायची, मग डिझाइन डेटा चेक-इन आणि आयपीजेचं चेक-आउट रद्द. रद्द केलं की ती आपोआप पुन्हा रीड-ओन्लीच्या जुन्या रूपात येते. चेक-इनच्या कॉमेंटमध्ये काय बदललं आणि का, हे मराठीत दोन ओळी लिहितो. "३ मिमी एचआर (हॉट रोल्ड पत्रा), के ०.३८, आपल्या प्रेसवर १०० मिमी पट्टी वाकवून, दोन बाजूंची बेरीज १०५.५ आली." पुढच्या वर्षी प्रेसचा डाय बदलला तर ही ओळ सोन्यासारखी.

त्या पट्टीची रीतही सांगून टाकतो, कारण विचारणारे भेटतात. बरोबर १०० मिमी लांब पट्टी लेझरवर कापा, ९० अंशात वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरनं मोजा आणि बेरजेतून १०० वजा करा. आमचे आले ५.५. आतली त्रिज्या आणि जाडी दोन्ही ३, म्हणजे बाहेरून मोजताना कोपऱ्यात प्रत्येक बाजूचे ६, दोन्हींचे मिळून १२. त्यातून ५.५ गेले, राहिले ६.५. ही बेंडची लांबी. ६.५ भागिले १.५७०८ म्हणजे ४.१४, त्यातून ३ वजा करून ३ ने भागा: ०.३८. एका पट्टीवर विश्वास ठेवू नका, पाच वाकवा. पत्र्याची जाडीही मायक्रोमीटरनं बघा, ३ चा पत्रा बरेचदा ३ नसतो.

नावाची युक्ती

ही माझी स्वतःची पद्धत आहे, कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेली नाही, पण तिनंच माझी झोप परत आणली. लायब्ररी वरचढ ठरते ती नाव एकच असेल तेव्हा. म्हणून बेंडचा हिशोब बदलला की मी रूलचं नावही बदलतो. 'एचआर ३ मिमी ब' चा 'एचआर ३ मिमी क' होतो आणि नव्या टेम्प्लेटमध्ये तो क लावलेला असतो. समजा एखाद्या कॉम्प्युटरवर टेम्प्लेट नवं आलं पण डिझाइन डेटा जुना राहिला, तरी जुन्या लायब्ररीत 'क' नावाचं काही नाहीच, त्यामुळे टेम्प्लेटमधला बरोबर आकडा तसाच टिकतो. आणि जर टेम्प्लेटही जुनं राहिलं असेल, तर पार्टमध्ये 'ब' दिसतं आणि तपासणारा लगेच पकडतो. आकडे उघडून बघायची गरज उरत नाही.

ड्रॉइंगच्या टेम्प्लेटलाही टायटल ब्लॉकच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात क्रमांक टाकला आहे, 'टे. ९' असा. छापलेल्या कागदावर तो दिसतो. वर्कशॉपमध्ये फळ्यावर चालू क्रमांक खडूनं लिहिलेला असतो. परवा भुसावळच्या कामाचं ड्रॉइंग हातात घेऊन आप्पा ऑफिसात आले, म्हणाले, "हे आठवालं आहे, नऊ कुठे?" लॅपटॉपवरून निघालेलं ड्रॉइंग होतं. लेझरला जायच्या आधी थांबलं.

लॅपटॉपची वेगळी गोष्ट

आमच्याकडे तीनही वेळा मूळ कारण ऑफिसबाहेर असलेला कॉम्प्युटर होता. साइटवर नेटवर्क नसतं, व्हॉल्टला जोडता येत नाही, माणूस ऑफलाइन काम करतो, आणि परत आल्यावर थेट चेक-इन करतो. आता नियम असा: लॅपटॉप ऑफिसात आला की आधी टेम्प्लेट्स आणि डिझाइन डेटा या दोन फोल्डरांवर गेट, मगच इन्व्हेंटर उघडायचं. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर हेच काम सोमवारी सकाळी. व्हॉल्टच्या वरच्या आवृत्त्यांत वर्कस्पेस सिंक नावाचं साधन मिळतं, ते विंडोजच्या टास्क शेड्यूलरला जोडून ठरलेल्या वेळी चालवता येतं. तुमच्याकडे ते असेल तर वापरा, पण आधी त्याची सेटिंग नीट वाचा, कारण लोकल फोल्डर साफ करण्याचे पर्यायही त्यात आहेत. आमच्या इथे लाइटचा भरवसा नाही, शेड्यूल चुकतं, म्हणून माणसाच्या हातानं केलेलं गेट मला जास्त खात्रीचं वाटतं.

कुणी विचारेल, मग एवढा खटाटोप कशाला, सर्व्हरवर साधा शेअर फोल्डर करून टेम्प्लेटचा पाथ तिकडे का देऊ नये? देता येतो, चालतोही, आणि बदल सगळ्यांना त्याच क्षणी दिसतो. एका छताखाली बसणाऱ्या, लॅपटॉप नसलेल्या ऑफिसला ते पुरेल. पण नेटवर्क गेलं की नवी फाइल काढायचीही पंचाईत होते, आणि कुणी कधी काय बदललं याची नोंद राहत नाही. बेंडच्या आकड्यावर पत्रा कापला जातो. त्याची नोंद नसणं मला परवडत नाही.

आवृत्ती बदलताना

इन्व्हेंटरची नवी आवृत्ती घेतली की हा प्रश्न नव्या रूपात येतो. नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह केलेलं टेम्प्लेट जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून सगळ्या सीट्स एकाच दिवशी बदला, अर्ध्या आज अर्ध्या पुढच्या महिन्यात असं नको. डिझाइन डेटाची जुनी एक्सएमएल नव्या आवृत्तीत आणताना आधी एका कॉम्प्युटरवर प्रत करून ती स्थलांतरित करा, वरची दोन मिनिटांची चाचणी घ्या, मग व्हॉल्टमध्ये घाला. जुन्या आवृत्तीच्या फाइली पुसू नका, व्हॉल्टमध्ये त्यांची व्हर्जन्स राहतातच.

ऑटोकॅड वापरणाऱ्यांनाही हाच आजार होतो. डीडब्ल्यूटी टेम्प्लेट, प्लॉटची सीटीबी फाइल, फाँट, या व्हॉल्टमध्ये असल्या तरी ऑटोकॅड त्याच्या ऑप्शन्समधल्या पाथवर बघतो. पाथ वर्किंग फोल्डरला लावा आणि गेटचा नियम तोच.

जुन्या पार्टचं काय

एवढं सगळं केल्यावरही, आधी बनलेल्या पार्टमध्ये जुना रूल बसलेलाच असतो. लायब्ररी बदलली म्हणून तो आपोआप बदलत नाही, आणि नाव बदललं असेल तर मुळीच नाही. ज्यांचं नाव तेच राहिलं आहे अशा स्टाइलसाठी पार्ट चेक-आउट करून मॅनेज टॅबवरचं अपडेट स्टाइल्स चालवायचं. त्यात कोणत्या स्टाइल लायब्ररीपेक्षा वेगळ्या आहेत त्याची यादी येते, एकेक वाचून होकार द्यायचा. सगळ्यांना एकदम होकार देऊ नका, एखाद्या पार्टला कुणी मुद्दाम वेगळा रूल लावलेला असू शकतो. ज्यांचं नाव बदललं, तिथे पार्टच्या शीट मेटल डिफॉल्ट्समध्ये जाऊन नवा रूल हातानं निवडायचा.

आम्ही जुने सगळे पार्ट एकदम उघडून बदलायला बसलो नाही, आणि तुम्हीही बसू नका. जे यंत्र चालू आहे, जोडलेलं आहे, त्याच्या फाइलला हात लावून काही मिळत नाही. उलट साइटवर असलेल्या यंत्राशी ड्रॉइंग जुळेनासं होतं. रिपीट ऑर्डर आली की त्या असेंब्लीतले पत्र्याचे पार्ट तेवढे तपासतो, फ्लॅट पॅटर्न पुन्हा काढतो, रिव्हिजन वाढवतो. दोंडाईच्याच्या ट्रफचं तसंच केलं. नवा पत्रा कापला, तीच भोकं, तेच झाकण. आप्पांनी तो ऑफिसच्या अंगणातच झाकण टाकून पाहिला, चारही कोपऱ्यांचे बोल्ट बोटांनी फिरवून आत घातले आणि मग गाडीत चढवला.